नेम रक्तात असतो काय?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून कोरपना तालुका आहे. कापसाची काळी जमीन, दक्षिणेकडे माणिकगडचे डोंगर आणि मधूनमधून चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने, असा हा मुलूख. गोंड, परधान आणि कोलाम लोकांची येथे जुनी वस्ती आहे. इकडच्या एखाद्या मुलाच्या हाती तिरकामठा दिसला की बाहेरचा पाहुणा हमखास म्हणतो, "यांना काय शिकवायचे? नेम यांच्या रक्तातच असतो!"

वाक्य कौतुकाचे आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, हे वाक्य शाळेच्या मैदानावरून हद्दपार केले पाहिजे. ते शास्त्राला धरून नाही, आणि ज्यांचे कौतुक करायला जाते त्यांचेच नुकसान करते.

नुकसान कसे ते पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे धनुष्य रोजच्या वापरातून गेले. आज आश्रमशाळेत शिकणाऱ्या कित्येक मुलांनी सणावाराखेरीज कामठा हाती धरलेला नसतो. अशा मुलाला कोणी सांगितले, "तुला तर यायलाच हवे," आणि त्याचा बाण भलतीकडे गेला, तर तो काय समजेल? आपल्यातच काही उणे आहे, असे. शेजारच्या बाकावरच्या कास्तकाराच्या मुलीला वाटेल की हा खेळ आपल्यासाठी नाहीच. आणि ज्याचा नेम खरोखर चांगला आहे, त्याने पहाटे उठून घेतलेल्या मेहनतीचे श्रेय त्याच्या पूर्वजांच्या खात्यावर जमा होईल. एका वाक्याने तिघांचे नुकसान!

आता शास्त्राकडे वळू. नेम म्हणजे नक्की काय? डोळ्याची तीक्ष्णता? हाताची ताकद? या दोन्ही गोष्टी लागतात, पण त्या पुरेशा नाहीत. थोडी भूमिती करू. बाण सुमारे ७० सेंटीमीटर लांब आहे असे समजा. दोरी ताणून तुम्ही हात हनुवटीखाली टेकवला आहे. बाणाचे टोक योग्य जागी आहे, पण मागचा हात या वेळी १ सेंटीमीटर बाजूला टेकला. लक्ष्य ३० मीटरांवर असेल तर बाण किती चुकेल? समरूप त्रिकोणांचा नियम लावा. ७० सेंटीमीटरांत १ सेंटीमीटर, तर ३००० सेंटीमीटरांत किती? उत्तर येते सुमारे ४३ सेंटीमीटर. म्हणजे बोटाच्या जाडीइतकी चूक आणि बाण हातभर लांब!

ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरांवर असते. त्याचा व्यास १२२ सेंटीमीटर, आणि १० गुणांचे मधले वर्तुळ १२.२ सेंटीमीटरांचे. तेथे मागचा हात केवळ १ मिलिमीटर सरकला तरी बाण १० सेंटीमीटर सरकतो आणि दहाच्या वर्तुळाबाहेर पडतो. एक मिलिमीटर म्हणजे तुमच्या मोजपट्टीवरचा सर्वांत लहान भाग. मुलांनो, रक्तातून वारशाने डोळ्यांचा रंग मिळतो, बांधा मिळतो, हाताची लांबीही मिळते. पण "उजव्या हाताची तर्जनी दर वेळी हनुवटीच्या याच मिलिमीटरवर टेकव," ही सूचना वारशाने मिळत नाही. ती शरीराला शिकवावी लागते, आणि तीही हजारो वेळा.

म्हणूनच तिरंदाजीचे शिक्षक पोरांच्या मागे लागतात की हात दर वेळी त्याच जागी टेकवा. दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला एकाच ठिकाणी लागली पाहिजे. ज्या हाताने धनुष्य धरले त्याची मूठ आवळू नका, अंगठ्याच्या बुडाशी धनुष्य नुसते टेकू द्या. मूठ आवळली की मनगट पिळले जाते, आणि प्रत्येक वेळी सारखे पिळले जात नाही. दोरी केवळ दंडाच्या जोराने ओढू नका, पाठीच्या स्नायूंनी ओढा. हे मोठे स्नायू लवकर थकत नाहीत. यातले काहीही गूढ नाही. सगळ्याचा अर्थ एकच: आताची कृती आधीच्या कृतीसारखी व्हावी.

दोरी किती ओढली यालाही तितकेच महत्त्व आहे. ताणलेल्या धनुष्यात स्थितिज ऊर्जा साठते, दोरी सोडताच तिच्यातील बरीचशी बाणाची गतिज ऊर्जा होते. समजा, तुम्ही दोरी तिच्या मूळ जागेपासून ५० सेंटीमीटर ओढली आणि बाण सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटला. ३० मीटर जायला त्याला पाऊण सेकंद लागेल. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे पावणेतीन मीटर खाली येतो, म्हणून तर आपण बाण थोडा वर रोखतो. आता पुढच्या खेपेला दोरी ४९ सेंटीमीटरच ओढली गेली. धनुष्य साध्या स्प्रिंगसारखे वागते असे धरले, तर वेग २ टक्क्यांनी घटतो, बाणाला जायला जास्त वेळ लागतो आणि तो सुमारे ११ सेंटीमीटर खाली लागतो. वारा नाही, नजर चुकलेली नाही, फक्त दोरी बोटभर कमी ओढली गेली.

हे गणित तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. प्रयोगशाळेतील तानकाटा दोरीच्या मध्यभागी अडकवा, धनुष्य खुंटीला नीट बांधा, आणि दर ५ सेंटीमीटरला काट्यावरचे वजन लिहून घ्या. दोरी ताणलेली असताना कोणीही समोर उभे राहू नये, आणि दोरी ताणून बाणाशिवाय कधीही सोडू नये. तसे केल्यास सारी ऊर्जा धनुष्यातच राहते आणि बांबू तडकतो. आलेख कागदावर बिंदू मांडा. आलेखाखालचे चौकोन मोजले की साठलेली ऊर्जा कळते. ज्या वर्गात स्प्रिंगचा धडा नुसता वाचून दाखवतात, तेथे हा प्रयोग एकदा तरी करून पाहावा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. बांबू कोरपन्यात महाग नाही. कोलाम लोक तर टोपल्या विणण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज आहेत. बांबूची कोणती कामटी लवते आणि कोणती मोडते हे त्यांच्याकडून शिकावे. हे ज्ञानही रक्तातले नव्हे बरे का! आजोबांच्या शेजारी बसून, हात कापून घेत ते मिळवलेले असते.

आता बाणाकडे वळू. येथे एक मोठी गंमत आहे. साध्या कामठ्यावर बाण धनुष्याच्या एका बाजूला टेकलेला असतो. दोरी सुटली की ती बाणाला धनुष्याच्या मध्याकडे ढकलते, आणि तेथे तर धनुष्याची काठी आडवी असते. मग बाण काठीवर आपटून बाजूला का जात नाही? १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रीकरण करून बाणाची ही चाल टिपली. (हेच गृहस्थ रॉबर्ट गोडार्डबरोबर अग्निबाणांवरही काम करीत. दोन्ही बाणच म्हणा!) बाण सरळ जातच नाही. दोरीचा धक्का बसताच तो वाकतो, काठीला वळसा घालून मासोळीसारखा वळवळत निघतो, आणि मग हळूहळू स्थिर होतो. बाण फार ताठ असेल तर तो काठीला घासून एका बाजूला जाईल, फार लवचीक असेल तर दुसऱ्या बाजूला. म्हणून एका धनुष्यासाठी सर्व बाण सारख्याच ताठपणाचे हवेत.

हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. ७० सेंटीमीटर अंतरावर दोन टेकू ठेवा, त्यांवर बाण आडवा ठेवा, मध्यभागी अर्ध्या किलोचे वजन टांगा आणि मधला भाग किती मिलिमीटर लवला ते मोजा. बारा बाण असे तपासले तर त्यांतले पाच-सहाच एकमेकांशी जुळतात, असे दिसेल. सरावाला तेवढेच वापरा. वजनही सारखे हवे. एखादा मुलगा महिनाभर उजवीकडे जाणाऱ्या बाणापायी स्वतःला दोष देत बसतो आणि दोष असतो त्या बाणाच्या ताठपणात. अशा वेळी "तुझ्या रक्तात नेम नाही" असे म्हणणारा माणूस त्याची दिशाभूल करीत असतो.

बाण सोडण्याविषयी थोडे सांगायला हवे. नवशिके विचारतात, बाण सुटून गेल्यावरही हात तसाच का ठेवायचा? गेलेल्या बाणावर हाताचा काय परिणाम होणार? प्रश्न रास्त आहे. दोरीने बाण ढकलायला सुरुवात केल्यापासून तो दोरीतून निसटेपर्यंत सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. माणसाला काही दिसून त्यावर हालचाल करायला सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे दसपट वेळ लागतो. अर्थात त्या काळात तुम्ही काहीच सुधारू शकत नाही. पण बिघडवू मात्र शकता! बाण कोठे लागतो ते पाहण्याच्या उतावीळपणात हात खाली आणण्याचा हुकूम मेंदूने आधीच सोडलेला असतो, आणि तो नेमका बाण निघतानाच हातापर्यंत पोहोचतो. बाण लक्ष्याला लागेपर्यंत स्थिर राहायची सवय लावली, तर हा आगाऊ हुकूम सुटतच नाही.

ही सवय लावण्यासाठी मला सर्वांत आवडलेली रीत म्हणजे लक्ष्याचा कागद काढून टाकणे. तीन-चार मीटरांवर तणसाचा चांगला दाबून बांधलेला भारा ठेवावा. कोरपन्याकडे धान कमी, तेथे जुनी पोती चिंध्यांनी ठासून भरली तरी चालते. त्यावर कसलेही चिन्ह नको. शिक्षक शेजारी उभे असताना, भाऱ्याच्या मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करून बाण मारावेत, आणि लक्ष सारे स्वतःच्या हाताकडे, पाठीकडे, बोटांकडे द्यावे. मुलांना हे अळणी वाटते. मधला लाल ठिपका नसला की खेळ कसला, असे ती म्हणतात. पण ठिपका समोर असला की मन बाणाच्या मागे धावते, आणि शिकायचे तर हाताच्या मागे असते.

एकलव्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो मातीच्या पुतळ्यासमोर शिकला. पुतळा तर कधी कोणाच्या चुका सांगत नाही. मग एकलव्याच्या चुका कोणी सांगितल्या असतील? माझ्या मते, बाणांनी. कोठे मारला आणि कोठे लागला, हे तो पाहत गेला असावा. गोष्टीत अंगठ्याचा भाग लक्षात राहतो, हा सरावाचा भाग आपण विसरतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. शाळांत आणि तालुक्याच्या ठिकाणी खेळाडू निवडायचे असले की पोरांना रांगेत उभे करतात, प्रत्येकाला मोजके बाण देतात आणि ज्याचा बाण मध्यभागी लागला त्याला टाळ्या देऊन पुढे पाठवतात. ही रीत मला मान्य नाही. समजा, "अ" या मुलीचे सहाही बाण खाली डावीकडे, मध्यापासून हातभर दूर लागले, पण सहाच्या सहा एका ताटलीत मावतील इतके जवळजवळ. "ब" या मुलाचे दोन बाण बरोबर मध्यात लागले, एक वर, एक खाली, एक भाऱ्याच्या कडेला आणि एक भाऱ्याबाहेर. गुण मोजले तर "ब" जिंकतो. मी निवड करायला असतो तर "अ" ला आधी निवडले असते.

कारण सोपे आहे. "अ" ची चूक एकच आहे आणि ती सहाही वेळा सारखीच झाली आहे. तिची रोखण्याची जागा थोडी बदलली, बाण जरा बदलले की तो सबंध घोळका उचलून मध्यावर आणता येतो. ते एका दुपारचे काम आहे. "ब" च्या सहा बाणांना सहा निरनिराळी कारणे आहेत. त्याच्या मध्यात लागलेल्या दोन बाणांपासून त्याला काहीच शिकता येत नाही, कारण ते कसे लागले हे त्यालाही ठाऊक नाही. विज्ञानात मोजमापांचे असे दोन गुण मानतात: मोजमापे एकमेकांशी किती जुळतात आणि ती खऱ्या किमतीच्या किती जवळ आहेत. पहिला गुण नसेल तर दुसऱ्याचा पत्ताच लागत नाही.

कोणी म्हणेल, स्पर्धेत गुण घोळक्याला मिळत नाहीत, मध्याला मिळतात. खरे आहे. पण निवड चाचणी ही स्पर्धा नव्हे. स्पर्धेत आज कोण जिंकले ते पाहायचे असते, निवडीत दोन वर्षांनी कोण जिंकू शकेल ते. म्हणून माझी सूचना अशी की, निवडीच्या वेळी प्रत्येकाला एकाच दिवशी नव्हे, तर निदान तीन दिवस बाण मारू द्यावेत. भाऱ्यावर कोरा कागद लावावा. प्रत्येक भोकाचे आडवे व उभे अंतर मोजून सरासरीने घोळक्याचा मध्य काढावा, मग त्या मध्यापासून प्रत्येक बाण किती दूर आहे त्याची सरासरी काढावी. ही संख्या जिची वा ज्याची सर्वांत लहान, त्याला पुढे पाठवावे. सातवीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. घोळका उभा पसरला असेल तर दोरी कमी-जास्त ओढली जाते आहे असा पहिला संशय घ्यावा, आडवा पसरला असेल तर हनुवटी, मूठ किंवा बाणाचा ताठपणा तपासावा.

या रीतीने कोणत्या घरचे मूल आहे हे विचारावेच लागत नाही. हाच तिचा मोठा गुण.

"मग लिंबारामचे काय?" असे विचारणारे भेटतात. लिंबाराम राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचा आदिवासी मुलगा. बांबूच्या धनुष्याने शिकार करणारा हा मुलगा भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या योजनेत १९८७ मध्ये निवडला गेला, आणि १९८८ मध्ये तो सोल ऑलिंपिकला खेळला. पुढे १९९२ आणि १९९६ च्या ऑलिंपिकमध्येही तो होता. २०१२ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. लोक यातले पहिले वाक्य सांगतात आणि रक्ताचा दाखला देतात. पण मधे शिबिर होते, शिक्षक होते, नवे धनुष्य होते आणि रोजचा सराव होता, हे वगळतात. लहानपणापासून धनुष्य हाताळल्याचा फायदा त्याला झाला असणार, यात शंका नाही. तो फायदा संगोपनाचा. तो कोणत्याही मुलाला मिळू शकतो आणि, तिरकामठा घरातून गेला की, कोणाच्याही हातून निसटू शकतो.

दुसरी बाजूही पाहा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे २०२३ मध्ये बर्लिन येथे, कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरांवर असते, आणि १० गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटीमीटरांचे, वाटीच्या तोंडाएवढे. ओजसने अंतिम सामन्यात १५ बाण मारले आणि पंधराही त्या वाटीत घातले: १५० पैकी १५०. त्याच्या पोलिश प्रतिस्पर्ध्याचे १४९ झाले आणि तो हरला. सातारा जिल्ह्यातीलच प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला गेला, तो आधी धावण्याच्या शर्यतीत उतरत असे. दक्षिण कोरियाच्या महिलांनी तर १९८८ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णपदक जिंकले, सलग दहा वेळा. खेळाडू दर वेळी बदलत गेले, पदक मात्र तेथेच राहिले. कोरियातील सर्व मुलींच्या रक्तात काही आहे असे कोणी म्हणत नाही. त्यांच्याविषयी आपण सहज म्हणतो, "काय सराव असतो त्यांचा!" मग कोरपन्याच्या मुलांना वेगळे माप का?

साधनांचा प्रश्न खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. ऑलिंपिकच्या धनुष्याचा संपूर्ण संच लाखाच्या घरात जातो. गावातल्या शाळेने तो आणावा कोठून? आपल्या देशात बांबूच्या साध्या धनुष्याची वेगळी स्पर्धा असते. तिला भारतीय प्रकार म्हणतात. पण या प्रकाराला आंतरराष्ट्रीय दार नाही. म्हणून काहीजण त्याला कमी लेखतात. मला ते पटत नाही. हनुवटी, मूठ, पाठ आणि स्थिर हात या चारही सवयी बांबूवर लागतात आणि महागड्या धनुष्यावर तशाच उपयोगी पडतात. मात्र बांबूच्या प्रकारात चमकलेल्या मुलाला वर्षभरात पुढचे धनुष्य मिळाले पाहिजे, तेही त्याच्या ताकदीला झेपेल असे. जिल्ह्याच्या खर्चात हे बसवणे अशक्य नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांचे जड धनुष्य देऊन "ओढ बघू!" म्हणणे मात्र थांबवावे. त्याने खांदा तर दुखावतोच, शिवाय दोरी कशीबशी ओढण्याच्या नादात प्रत्येक बाणाला नवी वाईट सवय जडते.

बांबूच्या धनुष्याची एक खोड मात्र आहे. पावसाळ्यात हवेतला दमटपणा बांबूत शिरतो, तो मऊ पडतो आणि बाणाला कमी वेग देतो. त्यामुळे सरावाच्या वहीत तारखेबरोबर त्या दिवशी पाऊस होता की ऊन, हेही लिहावे. ऑगस्टमध्ये खाली लागणारा घोळका दिवाळीनंतर आपोआप वर सरकलेला दिसला, तर हात सुधारला असे ठरवण्याआधी धनुष्याला पुन्हा एकदा तानकाटा लावून पाहा.